भेटीच्या खोलीतला घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे, पाठीवर बसून पुढे-मागे डुलायचा. सांगलीच्या न्यायालयात एक छोटी खोली आहे, तिथे मी राहतो. आईवडील वेगळे होतात तेव्हा घरापासून दूर गेलेल्या आईची किंवा वडिलांची मुलाशी भेट या खोलीत होते.

माझा जन्म मिरजेचा. तंबोरे घडवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या लाकडातून मला आपल्या नातवासाठी बनवलं. नातू मोठा झाला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे उंदरांनी माझा डावा कान कुरतडला. पुढे घर आवरताना घरच्यांनी मला या खोलीसाठी देऊन टाकलं. इथल्या शिपाई राहीबाईंनी मला पुसलं आणि म्हणाल्या, "दिसायला बरा हाय, पण ऐकायला कमी येत असंल." मित्रांनो, मला ऐकायला चांगलं येतं. म्हणून तर मायाची हकीकत सांगतो आहे.

माया सहा वर्षांची. तिची आई स्वप्नाली मिरजेच्या एका रुग्णालयात नर्स. वडील धनाजी आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातले, पण नोकरीला शिरवळच्या कारखान्यात फिटर. दोघांचा घटस्फोट चालू होता. तो का, हे मला ठाऊक नाही आणि विचारण्याचा अधिकारही नाही. प्रश्न मायाचा होता. ती दोघांनाही हवी होती.

तुम्हाला वाटेल, अशा वेळी न्यायाधीश एकाला जिंकवतात आणि दुसऱ्याला हरवतात. तसं नसतं. मुलाचं भलं कशात आहे, एवढंच बघायचं असतं. त्याची शाळा, त्याची तब्येत, ते कुणाजवळ निर्धास्त झोपतं, कुणाला त्याच्यासाठी वेळ आहे. लहान मूल बहुधा आईजवळ राहतं, पण वडील त्याला परके होऊ नयेत हेही पाहिलं जातं. न्यायाधीशबाईंनी मायाला आईकडे ठेवलं आणि धनाजींना शनिवारी या खोलीत तासभर भेटायची परवानगी दिली. या भेटी कशा होतात ते पाहून सुट्टीत मायाला वडिलांच्या घरी पाठवायचं की नाही, हे ठरणार होतं.

भेटी चांगल्या होत नव्हत्या. वर्षभर न पाहिलेल्या बापाला माया बुजत होती. धनाजी कधी बाहुली आणायचे, कधी चॉकलेट. ते डावीकडून आले की माया माझ्या उजवीकडे जायची, ते उजवीकडून आले की डावीकडे. मध्ये मी. तास संपला की बाहुली माझ्या पाठीवर राहायची. समुपदेशक चारुलताताई धनाजींना धीर द्यायच्या, पण जे दिसतं तेच न्यायाधीशांना सांगावं लागेल, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं.

एका शनिवारी परवानगी काढून धनाजींचे वडील आप्पासो नातीला बघायला आले. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पटका. ते भिंतीला टेकून बसले आणि मुलाची धावपळ बघत राहिले.

"धना, बुजल्यालं कोकरू मागं पळून गावतंय व्हय रं?" ते शांतपणे म्हणाले. "तिच्याकडं पाठ कर आन् गप बस."

"आप्पा, हितं तासभरच मिळतुया."

"मग तासभर गप बस."

माया कोपऱ्यात सरकली होती. धनाजी तिच्याकडे पाठ करून माझ्यासमोर बसले. पण फिटरचे हात रिकामे राहत नाहीत. माझ्या खालच्या वाकड्या पट्टीचा स्क्रू ढिला होता. त्यांनी खिशातलं नाणं काढलं आणि तो पिळायला घेतला. मी करकरलो. थोड्या वेळाने मागून आवाज आला.

"हळू. त्याला दुखतंय."

धनाजींनी वळून पाहिलं नाही. "मग तू धर त्याला," ते म्हणाले.

मायाने माझी मान धरली. सगळे स्क्रू घट्ट होईपर्यंत तिने ती सोडली नाही. मग ती माझ्यावर बसली आणि वडिलांना म्हणाली, "आता ढकला."

दारात स्वप्नालीताई उभ्या होत्या. लेक आपल्यापासून तुटेल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रत्येक शनिवारी पाहिली होती. त्या दिवशीही ती होतीच. तरी तास संपल्यावर त्या धनाजींकडे बघून बोलल्या. "रात्री ती पांघरूण काढून टाकती. उठून घालावं लागतंय."

"घालीन," धनाजी म्हणाले.

पुढच्या भेटींना बाहुली आली नाही. माया आप्पांना त्यांच्या मेंढरांची नावं विचारू लागली आणि आप्पा गंभीरपणे खोटी नावं सांगू लागले.

दिवाळीच्या तोंडावर न्यायाधीशबाई मायाशी आपल्या दालनात एकट्याच बोलल्या. आल्यावर तिने चारुलताताईंना सगळं सांगितलं. डबा कोण करतं, शाळेत मैत्रीण कोण, आजोबांची मेंढरं बघायला आवडतील का, असं बाईंनी विचारलं होतं. कोण जास्त आवडतं, हे मात्र विचारलं नव्हतं. माया म्हणाली होती, जाईन, पण रात्री आईला फोन करणार.

निकाल तसाच झाला. राहणं आईकडे. निम्म्या सुट्ट्या आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार वडिलांकडे. फोन रोज. शाळेतलं सगळं दोघांनाही कळवायचं.

त्यानंतर माया या खोलीत आलेली नाही. तिला इथे यायची गरज उरली नाही, यासारखं समाधान नाही.

मित्रांनो, मला रंग द्या असं मी म्हणणार नाही. आहे तो पुरतो. पण तुमच्या वर्गात दोन घरं असलेलं एखादं मूल असेल, तर त्याला 'तुला आई आवडते की बाबा?' असं विचारू नका. सोमवारी ते आलं की डबा खायला शेजारी जागा द्या. सुट्टीतलं काय सांगायचं ते त्याचं तेच सांगेल.