कंपनीतून आल्यासारखा दिवा

“काय भाजताय, पाकने?” रुमिनाहने दारातूनच विचारलं, आणि पाकने, म्हणजे तिचा नवरा सर्वादी, ओव्हनच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

मी चुलीजवळ कॉफी पीत बसलो होतो. खरं तर मला पहाऱ्यासाठी बोलावलं होतं. पण कॉफी चांगली होती, आणि चांगली कॉफी समोर असली की मी बायकोलाही ओळखत नाही, तर दुसऱ्याच्या बायकोची चाहूल कुठली लागायला.

“कसावा,” सर्वादी म्हणाला.

“कसाव्याच्या कंदाला रबराचा वास?”

“नवी जात आहे,” मी म्हणालो. “डोंगरापलीकडे रबराच्या मळ्यात लावतात. मी खाल्लाय. चेंडूसारखा उसळतो, ताटात धरून ठेवावा लागतो.”

“म्बाह दुल, तुम्ही सांगितलंत म्हणजे खोटंच असणार.” ती हसली, रिकामे डबे घेऊन आत आली, वाटेतल्या स्टुलावर आदळली आणि स्टुलाला म्हणाली, “माफ करा हं, म्बाह.”

म्बाह म्हणजे आजोबा, म्हणजे मी, आणि मी दोन हात पलीकडे बसलो होतो.

सर्वादीने माझ्याकडे पाहिलं. ती मागच्या अंगणात गेल्यावर त्याने फडकं धरून ओव्हनमधून बाहेर काढला तो तिच्या मोटारसायकलचा पुढचा दिवा. आमच्याकडे या जातीच्या गाडीला बदक म्हणतात. दिव्याची काच ज्या काळ्या चिकट्याने बसवलेली असते तो मंद आचेवर मऊ पडतो, मग काच हलक्या हाताने उचलता येते. आच जास्त झाली तर दिव्याची चकली होते. सर्वादी आच गालाने ओळखायचा.

सगळा जन्म त्याने ओसरीवर हेच केलं. पोरं दिवे घेऊन यायची, तो उघडायचा, आत भिंगाचा नवा दिवा बसवायचा आणि काच अशी बंद करायचा की शिवण शोधायला मुंगीसुद्धा वाट विचारत फिरेल. “कंपनीतून आल्यासारखं झालंय, पाक सर्वादी,” असं कोणी म्हटलं की त्या रात्री तो भात दुप्पट खायचा. मी एकदा त्याला म्हटलं, “अरे, म्हणजे तू केलंस हे कुणालाच दिसत नाही.” तो म्हणाला, “तेच तर.” मला काही ते समजलं नाही, आणि त्यालाही समजलं असेल असं वाटत नाही.

फक्त रुमिनाहच्या बदकाला त्याने हात लावायचा नाही, असा घरात कायदा होता. तिच्या आधीच्या गाडीचा त्याने एकदा सगळा पसारा मांडला होता, आणि जोडल्यावर ती गाडी बाजाराच्या उतारावर केकसकट ओढ्यात गेली. तेव्हापासून तिचं म्हणणं एकच. कंपनीने दिलं ते कंपनीच्या माणसांनी विचार करूनच दिलंय, नवऱ्याने त्यात डोकं घालू नये.

पण ती थरांचे केक घेऊन पहाटे खाली वोनोसोबोच्या बाजाराला जायची, आणि आमचं धुकं तुम्हाला ठाऊक नाही. मी एकदा ओली लुंगी धुक्यावर वाळत टाकली होती, दुपारी धुकं उठलं तेव्हा लुंगी शेजारच्या गावात सापडली. त्या धुक्यात ती हल्ली कडेच्या भिंतींना घासून यायला लागली होती. आरोग्य केंद्रातल्या बाईने तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर वर्षातून एकदा जिल्ह्याच्या इस्पितळात येऊन शस्त्रक्रिया फुकट करून जातात, त्यात तिचं नावही लागलं होतं. पण ती घाबरली होती. डोळ्यात सुरी घालणार म्हणजे काय, चेष्टा आहे का, असं ती सगळ्यांना विचारत होती. आणि तोवर ती धुक्यातून जातच राहणार होती, म्हणून सर्वादीने कायदा मोडला. तिला कळू नये म्हणून शिवणीवर नेहमीचा मऊ चिकटा न लावता दगडासारखा वाळणारा डिंक लावला. त्याची रेघ दिसत नाही, पण ती काच पुन्हा उघडतही नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून गात आली.

“पाकने, मला रस्ता दिसला. कडेचं गवतसुद्धा दिसलं.”

सर्वादीने खाली बघत म्हटलं, “हो का?”

“गिनेमच्या जामूने केलं हे. आठवडाभर पितेय ना मी.”

गिनेम म्हणजे पाठीवर टोपलीत जामूच्या, म्हणजे काढ्याच्या, बाटल्या घेऊन दारोदार फिरणारी काढेवाली. पाळंमुळं, हळद, आलं, जे हाताला लागेल ते वाटायची. बातमी फुटली आणि गावातले सगळे चकणे, तिरळे, चष्मेवाले तिच्या मागे लागले. एका म्हाताऱ्याला म्हणे तो काढा पिऊन पलीकडच्या डोंगरावरच्या मुलीच्या कानातलं डूल दिसलं. तो म्हातारा मी नव्हे. गिनेम मात्र गोंधळली. एका दुपारी ती माझ्याकडे येऊन हळूच विचारते, “म्बाह, त्या आठवड्यात मी त्यात काय घातलं होतं, तुम्हाला काही आठवतं का?”

इथवर सगळं मजेचं होतं. मग रुमिनाह म्हणाली, “आता इस्पितळात कशाला जायचं? डोळे तर बरे झाले.”

डोळे काही बरे झालेले नव्हते. त्या आठवड्यात केकमध्ये साखरेच्या जागी मीठ पडलं. आणि एका लख्ख उन्हाच्या दुपारी, जिथे दिव्याचा काही उपयोग नसतो, ती बदक घेऊन शेजारच्या जुमेरीच्या अंगणात वाळत घातलेल्या तंबाखूच्या चटयांवरून सरळ पार गेली. जुमेरीची सून बाळाला घेऊन तिथून नुकतीच उठली होती.

सर्वादी तडक माझ्याकडे आला.

“म्बाह, माझ्या दिव्यामुळे ती आंधळी होणार.”

“सांगून टाक तिला.”

“ती जन्मभर बोलणार नाही माझ्याशी.”

“मग तर दोन्हीकडून फायदा.”

तो हसला नाही. म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो.

“बुने,” तो बायकोला ओसरीवर उभ्या उभ्याच म्हणाला, “जामूने काही झालेलं नाही. तुझ्या गाडीचा दिवा मी बदललाय.”

“कधी?”

“त्या दिवशी. ओव्हनमध्ये भाजून उघडला.”

“तो कसावा होता.”

“कसावा नव्हता.”

“मग म्बाह खोटं बोलले?”

“बोललो,” मी म्हणालो. “दिवाच होता. हे मी खरं सांगतोय.”

“तुम्ही?” ती म्हणाली. “खरं?” आणि तिथेच आमचा खटला बुडाला.

तरी ती उठली. गाडीजवळ बसली आणि काचेच्या कडेवरून अंगठा फिरवू लागली. खालून वर, वरून खाली. माझ्या मनात आलं, कुठेतरी एक गाठ लागू दे देवा, एक ओघळ तरी राहिलेला असू दे. काही लागलं नाही. मग तिने कुंपणावरून जुमेरीला हाक मारली. तंबाखूवरून तो अजून फुगलेला होता, पण आला. त्याच्या स्वतःच्या गाडीचा दिवा सर्वादीनेच केलेला.

त्याने वाकून पाहिलं, नखाने खरवडलं. “आत भिंग आहे, पण शिवण कंपनीचीच. हल्ली भिंगवालेच येत असतील. हात लावलेला असता तर कळलं असतं. पाक सर्वादी, तुमचं काम चांगलं असतं, नाही म्हणत नाही मी, पण हे वेगळं.”

जन्मभर ज्या शब्दासाठी सर्वादी खपला तो शब्द मिळाला होता, आणि तो घेऊन आता काय करायचं हे त्याला कळेना. मलाही कळेना. हसू येत होतं आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

“दुसऱ्याचं श्रेय घेऊ नये,” रुमिनाह त्याला समजावत म्हणाली. “गिनेम बिचारी एवढं ओझं घेऊन डोंगर चढते.”

इस्पितळाचा दिवस जवळ आला. आतला भिंगाचा दिवा काढून टाकला तरच ती जाईल, म्हणून ती शेजारी तांदूळ निवडायला बसली असताना सर्वादीने गाडीचा दिवा उतरवला आणि ओव्हनमध्ये ठेवला. डिंक सुटला नाही. आच वाढवली, पुन्हा गालाने पाहिली, पाती घातली. काच कपाळावर आठी पडावी तशी तडकली आणि मग तिचे तुकडेच झाले. त्याने ते एकेक करून केळीच्या पानात गुंडाळले.

भंगारातून त्याने एक जुना दिवा आणला, अंड्याच्या बलकासारखा पिवळा, उजेडही तसाच. बसवला आणि लगेच सरळ करायला लागला. मी त्याचा हात धरला. “राहू दे वाकडा.”

“म्बाह, असं नाही ठेवता येत.”

“ठेव.”

त्याने ठेवला. कडेने डिंकाचा एक ओघळ आला होता, तोही पुसला नाही. मग विहिरीवर जाऊन तो किती वेळ हात धूत बसला.

रुमिनाह दुसऱ्या दिवशी बाजाराच्या अर्ध्या वाटेतून परत आली, गाडी ढकलत. ओसरीवर बसली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, “जामूचा गुण संपला.” गिनेमने आलं दुप्पट घालून पाहिलं, हळद दुप्पट घालून पाहिली. शेवटी बिचारीनेच तिचा हात धरून सांगितलं, “ताई, तू इस्पितळात जा. मला मुळात काही येतच नव्हतं.”

ती गेली. सर्वादी तिच्याबरोबर होता. सुरी गेली की आली तेसुद्धा कळलं नाही, असं ती आल्यावर सगळ्यांना सांगत होती. पट्ट्या निघाल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “म्बाह, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?” मी म्हटलं, डॉक्टरांनी काहीतरी चुकीचं बसवलंय, परत जा.

तिच्या डोळ्यांसाठी स्लामेतान ठरलं, म्हणजे शेजाऱ्यांना बोलावून प्रार्थना आणि भात. त्या सकाळी मी लवकर गेलो, भात शिजतोय का ते बघायला. रुमिनाह बदकापुढे उकिडवी बसली होती. त्या पिवळ्या दिव्याकडे बघत होती. मग डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा फिरवला. ओघळापाशी अंगठा थांबला. पुन्हा मागे नेला, पुन्हा तिथेच थांबला. मला पाहून ती उठली, हात पदराला पुसला आणि भाताकडे गेली. मी, देव साक्षी आहे, ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

आमच्याकडे जेवणाआधी यजमानाच्या वतीने कोणीतरी मोठ्याने सांगतो की हा भात कशासाठी, आणि प्रत्येक वाक्याला चटईवरचे सगळे ‘इंगिह’ म्हणतात, म्हणजे होय जी. हे काम माझ्याकडे असतं, कारण माझा आवाज मोठा आहे आणि लाज कमी.

“हा भात रुमिनाहच्या डोळ्यांसाठी.”

“इंगिह.”

“डॉक्टरांच्या न थरथरणाऱ्या हातासाठी.”

“इंगिह.”

“गिनेमसाठी, काढा गोड होता म्हणून.”

“इंगिह,” सगळे हसत म्हणाले, आणि स्वयंपाकघरात गिनेमही हसली.

मी प्रार्थनेला हात उचलणार तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पडद्यामागून रुमिनाहचा आवाज आला. “म्बाह, एक राहिलं.”

“कोण?”

“आधीचा दिवा ज्याने केला तो.”

“कोण म्हणून सांगू?”

आत भांड्याचा आवाज झाला. “मला काय ठाऊक. कंपनीतलाच कोणीतरी असेल. चांगला कारागीर होता, एवढं सांगा.”

तिला कळलं होतं की नव्हतं, हे मला अजून सांगता येणार नाही, आणि मी एरवी न कळलेलंही सांगत असतो. मी घसा साफ केला.

“हा भात आधीचा दिवा ज्याने केला त्या चांगल्या कारागिरासाठी.”

चटईवर सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुठला दिवा, जुमेरीने शेजारच्याला कुजबुजत विचारलं. कुणी आधी, कुणी नंतर, अडखळत सगळे म्हणाले, “इंगिह.” मग प्रार्थना झाली आणि हात भाताकडे वळले.

सर्वादी कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. केळीच्या पानावर भात पडला, कोंबडीचा तुकडा पडला, तरी तो तसाच. सगळे जेवायला लागल्यावर, कुणाचं लक्ष नसताना, तो हळूच म्हणाला,

“इंगिह.”