डबलबेलबाई आणि पिवळी गोळी

माझ्या आईने आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली, आणि ती अशा ऐटीत केली की डेपोत तिला कुणी नावाने हाक मारतच नसे. दोरी दोनदा ओढून ती गाडी सोडायची तेव्हा घंटा अशी ठणठणीत वाजायची की ड्रायव्हरसुद्धा सावरून बसत. म्हणून ती डबलबेलबाई. पिऊन आलेल्या आडदांड माणसाला तिने नुसत्या नजरेने खाली उतरवलेलं मी पाहिलंय. मला तिचा फार अभिमान आहे, आणि तितकाच तिचा रागही येतो.

कारण ही वाघीण एका विषयावर चकार शब्द काढत नाही, आणि तो विषय म्हणजे पोट.

लांबच्या मार्गावर बायकांसाठी संडास कुठेच नव्हता. गाडी निघाली की संध्याकाळपर्यंत सुटका नाही. कंडक्टर बायकांनी त्यावर आपली तोड काढली होती. रात्री जुलाबाची एक पिवळी गोळी घ्यायची, म्हणजे पहाटे पोट साफ आणि दिवसभर घोर नाही. नवी मुलगी लागली की आई तिला तिकिटं द्यायला शिकवायची, आणि बाजूला घेऊन ती गोळीही हातावर ठेवायची. सकाळी एकमेकींना विचारायच्या, "पहिली गाडी सुटली का?" ड्रायव्हर मंडळींना वाटायचं, काय कामसू बायका आहेत.

आई निवृत्त झाली, गोळी झाली नाही. एके दिवशी पहाटे संडासाकडे धावताना ती पडली आणि मनगट मोडलं. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी काय औषधं घेता? आई म्हणाली, काही नाही. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. मग कॅल्शियम सुरू झालं, त्याने पोट आणखी घट्ट झालं, आणि आईने गुपचूप एका पिवळ्या गोळीच्या दोन केल्या. उपचाराचा इतका पद्धतशीर बट्ट्याबोळ माझी आईच करू जाणे.

दुसऱ्यांदा चक्कर येऊन पडली तेव्हा कंबर थोडक्यात वाचली. तिच्या कपाटात सापडलेली गोळ्यांची डबी मी नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. त्या रागावल्या नाहीत. वर्षानुवर्षं रोज जुलाब होत राहिले की अंगातलं पाणी आणि क्षार जातात, चक्कर येते, खाल्लेलं नीट अंगी लागत नाही, आणि वर ती पहाटेची पळापळ, असं त्यांनी समजावलं. सगळा दोष गोळीचा नाही, वयही आहे. पण कंबर मोडली तर पुन्हा चालणं अवघड. गोळी हळूहळू कमी करू, कॅल्शियमही बदलून देते, म्हणाल्या.

आई घरी येईपर्यंत गप्प होती. मला वाटलं, डबी उघड केली म्हणून रुसली. दारात कुलूप काढताना म्हणाली, "धाकटीची कंबर मोडलीय."

धाकटी म्हणजे आईच्या हाताखाली तयार झालेली तिची सगळ्यात लाडकी कंडक्टर. घरातल्या घरात पडली होती आणि अंथरुणाला खिळली होती. आईला तिच्याकडे जाऊन सगळं सांगायचं होतं. मी म्हटलं, फोन कर. खरं तर मलाच धास्ती होती. डेपोतल्या बायका आईला जो मान देतात, त्यावर ती जगते. धाकटीने तोंड फिरवलं असतं तर आई मनाने खचली असती. आईलाही ते कळत होतं. तिने दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. तिसऱ्यांदा काठी घेऊन निघालीच.

धाकटी खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. आईने चहा नको म्हटलं, खुर्चीही नको म्हटलं. काठीवर भार देऊन उभी राहिली आणि जे शब्द ती जावयासमोर, डॉक्टरांसमोर, माझ्यासमोरही उच्चारत नव्हती, ते सगळे एका दमात बोलली. मी थक्क झाले.

"ती गोळी तुला मी दिली," शेवटी म्हणाली. "मला माहीत नव्हतं. पण दिली मीच."

धाकटीने पांघरूण बाजूला सारलं. मग तिने उशीखालून तसलीच डबी काढली.

"बाई, पहिल्याच आठवड्यात मी नोकरी सोडणार होते," ती म्हणाली. "लाजेने कुणाला सांगता येत नव्हतं. तुम्ही न सांगता ओळखलंत. त्या नोकरीवर माझं घर उभं राहिलं. आता ही तुम्हीच परत घ्या."

आईचे डोळे भरले. डबी घेऊन तिने पिशवीत टाकली आणि एकदम बजावलं, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय मनाने बंदही करायची नाही. मग विचारलं, "आणखी कुणाकुणाला दिली होती गं मी?"

धाकटी आठवून सांगू लागली. चष्मेवाली, पुलापलीकडची, जुळ्यांची आई, उंच बाई. आई बोटांवर मोजत होती. मी म्हटलं, आज पुरे, दमलीयस, बाकीच्यांना फोन करू. आईने माझ्याकडे पाहिलं. तीच नजर.

मी मुकाट्याने तिची पिशवी उचलली. आई काठी टेकत दाराकडे वळली तेव्हा धाकटीने चमचा घेतला आणि पाण्याच्या पेल्यावर दोनदा वाजवला. आई क्षणभर थांबली, ताठ झाली आणि जिना उतरू लागली. कठड्याला धरून, एकेक पायरी, अजिबात घाई न करता.