मालक न्यायला आला नाही

ऑनलाइन लिलावात घड्याळ घेऊन फसलेला माणूस शेवटी माझ्याच टेबलासमोर येऊन उभा राहतो. मी घड्याळं दुरुस्त करतो. बाहेरून राजबिंडं दिसणारं घड्याळ उघडावं, तर आत तीन वेगवेगळ्या घड्याळांचे अवयव कोंबलेले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! अशी इतकी माणसं बघितली की मी येणाऱ्याजाणाऱ्याला फुकटचं व्याख्यान द्यायला लागलो. आधीच्या गिऱ्हाइकांनी विक्रेत्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. कालपरवा खातं उघडलेल्याच्या वाटेला जाऊ नका. एकच प्रश्न दोनदा फिरवून विचारा, उत्तर बदललं की चालू पडा. आणि मागचं झाकण उघडून आतला फोटो मागवा. हे शेवटचं मला मामांनी शिकवलं. घड्याळाच्या पोटात शिरल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं ते म्हणत.

मामांनीच मला हाताला धरून हा धंदा शिकवला. डोळ्याला सतत भिंग लावलेलं म्हणून माझं नाव भिंग्या पाडलं तेही त्यांनीच. गेली दोन वर्षं त्यांना विसर पडतो. त्यांचं दुकान कधीच बंद झालं, पण कामाचं टेबल त्यांच्या खोलीत तसंच ठेवलंय. मन रमावं म्हणून मी त्यांना एक टॅब आणून दिला आणि लिलावाची साइट उघडून दिली. जुन्या घड्याळांचे फोटो बघत ते तासन् तास बसतात. मामेभाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने समुद्रात. मामांचं खाणंपिणं, औषधं, आंघोळ सगळं वहिनी बघते.

आणि मामांचं मनगटावरचं घड्याळ हरवलं. त्यांनी घर डोक्यावर घेतलं आणि ते सुनेनेच चोरलं, असं शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, अगदी मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगितलं. वहिनीने मला फोन केला. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो.

"भावोजी, बाबांचं करून मी दमले नाही. पण चोर म्हणवून घेत या घरात राहायचं नाही मला. आठवड्याभरात घड्याळ सापडलं नाही, तर मी माहेरी जाते."

ती गेली तर मामांचं कोण करणार? मी शोधतो म्हणालो. पण खोटं कशाला सांगू, फोन ठेवताना माझ्याही मनात पाल चुकचुकली. घरात माणसं दोनच, घड्याळाला काय पाय फुटले?

चोरीचा माल हल्ली कुठे जातो ते मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी लिलावात तसंच घड्याळ दिसलं. विक्रेत्याचं खातं आठवड्यापूर्वीचं, नाव नुसतं 'जुने दुकान', त्याच्याबद्दल कुणाचा एक शब्द नाही. माझ्या व्याख्यानातला भामटा जसाच्या तसा समोर आला होता. मी 'भिंगवाला' या माझ्या खात्यावरून विचारलं, हे कुठून मिळालं? उत्तर आलं, आमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं, मालक न्यायला आला नाही. संध्याकाळी तोच प्रश्न फिरवून विचारला, तर म्हणाला, मी पहिल्या कमाईतून घेतलं. सकाळी पुन्हा विचारलं, तर ते त्याच्या वडिलांचं निघालं. एक बाप, एक गिऱ्हाईक आणि एक पहिली कमाई! चोराने निदान एका थापेवर तरी टिकावं. मी चिडून झाकणाच्या आतला फोटो मागितला.

फोटो आला आणि माझी मती गुंग झाली. आमच्या धंद्यात घड्याळ उघडणारा झाकणाच्या आत सुईने आपली बारीक खूण कोरतो. तिथे माझाच त्रिकोण होता, खाली मामांचं घड्याळ मी साफ केलं होतं तो महिना आणि वर्ष. म्हणजे घड्याळ मामांचंच. पण त्याच्याखाली हिरवं कापड दिसत होतं, आणि कापडाला जळल्याचं भोक. शिकाऊ असताना पहिल्याच आठवड्यात स्पिरिटचा दिवा लवंडून ते भोक मीच पाडलं होतं. ते कापड मामांच्या टेबलावरचं. घड्याळ घरातच असेल तर ते विकायला कोण काढतंय? मला एकच नाव सुचलं, आणि ते सुचल्याचं मला बरं वाटलं नाही.

माझं दुकान भरदुपारी बंद करून मी तडक मामांकडे गेलो. वहिनीने ओल्या हाताने दार उघडलं, पाणी पुढे केलं. मी घेतलं नाही. घड्याळ कुणी विकायला काढलंय, असं उभ्याउभ्याच विचारलं. तिला आधी काही कळलंच नाही. मग कळलं.

"भावोजी, तुम्हीसुद्धा?"

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. 'जुने दुकान'चा निरोप होता: 'आपण फार प्रश्न विचारता. भाच्याला विचारून कळवतो. तो फसवी माणसं बरोबर ओळखतो.'

मी तो दोनदा वाचला. आतून मामांची हाक आली, भिंग्याचा आवाज ऐकू येतोय का म्हणून.

मामा टॅबवर वाकून एका बोटाने टाइप करत होते. हिरव्या कापडावर घड्याळ होतं, पट्ट्याला कागदाची चिठ्ठी बांधलेली, त्यांच्याच अक्षरात: मालक न्यायला आला नाही. वर्षभर कुणी नेलं नाही की विकून टाकायचं, हा त्यांच्या दुकानाचा रिवाज. ते मला समजावून सांगू लागले की हे घड्याळ ड्रॉवरमध्ये कधीचं पडून आहे, चांगला माल आहे, पण एक भिंगवाला मागे लागलाय आणि त्याचं लक्षण ठीक दिसत नाही. मामांच्या लेखी घड्याळं दोन होती. एक चोरीला गेलेलं, आणि एक कुणाचंच नसलेलं.

मी चिठ्ठी सोडली आणि घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. पट्टा बरोबर जुन्या भोकात बसला. मामांनी ते कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं.

"हे तर माझं," ते म्हणाले. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे बघितलं. "कुठे होतं हे? कुणी नेलं होतं?"

"मी," मी म्हणालो. "साफ करायला नेलं होतं, मामा. सांगायचं विसरलो."

"विसरलास? या वयात?" ते खरोखर रागावले. "आणि तुझ्यापायी मी हिला चोर म्हणत बसलो? माग तिची माफी."

मी वळलो. वहिनीचे डोळे भरले होते.

"वहिनी, चुकलो मी. असं मनात यायलाच नको होतं."

मामांना वाटलं मी घड्याळाबद्दल बोलतोय. तिला कळलं. ती आत गेली आणि मघाचाच पाण्याचा पेला घेऊन आली. या खेपेला मी तो घेतला.

मामा पुन्हा टॅबकडे वळले. त्या भिंगवाल्याला कळवून टाकतो म्हणाले, आणि एकेक अक्षर शोधून टाइप केलं: 'विकायचं नाही. मालक आला.'

माझा खिसा थरथरला.

"कुणाचा फोन आहे, बघ तरी," मामा म्हणाले.

"गिऱ्हाईक आहे," मी म्हणालो. "थांबेल."