सिरियावती अक्काचा भाचा

“पडदा ओढ, इनोका! दारही लाव!” पिशवीत बॅटरी शोधत कुमुदिनी मिस म्हणाली.

मी पडदा ओढला. माझ्या मांडीवर सेनुक होता, दीड महिन्याचा. गावातल्या प्रत्येक तान्ह्या मुलाला घरी येऊन तपासणं हे सरकारी सुईण म्हणून मिसचं कामच. वजन झालं होतं, बेंबी बघून झाली होती. मग तिनं विचारलं होतं, “बाळ तुझ्या तोंडाकडे बघतं ना?”

“बघतो की,” मी म्हणाले होते.

“नाही बघत,” स्वयंपाकघरातून आवाज आला होता.

ती सिरियावती अक्का, माझी मोठी नणंद. लहानपणापासून आंधळी. खवणीवर नारळ खवत बसली होती.

सासूबाई उसळल्या होत्या, “तुला गं काय दिसतंय, पोराला नावं ठेवायला?”

“दिसत नाही म्हणूनच कळतं, अम्मा. इनोका नुसती जवळ येऊन उभी राहिली तर तो रडायचा थांबत नाही. ती बोलली की थांबतो. तो माझ्यासारखा माणसं ओळखतो.”

खरं होतं ते.

आता काळोख्या खोलीत मिसनं बॅटरी लावली. मीही वाकून पाहिलं. दोन्ही बाहुल्यांत काळ्याच्या जागी नारळाच्या दुधासारखं पांढुरकं काहीतरी होतं. मी रडायला लागले, आणि मिसनं चक्क माझा दंड धरून मला हलवलं.

“रडतेस काय वेडे! जन्मापासूनचा मोतीबिंदू दिसतोय. काढता येतो! आणि वेळेवर सापडलाय! उशीर झाला की डोळे बघायला शिकतच नाहीत. कपडे भर. उद्या सकाळीच कँडी शहरात जायचं, तिथल्या इस्पितळात मी आत्ताच फोन करते.”

“एवढ्याशा जिवाला कापायचं?” सासूबाई कळवळल्या. “सिरियालाही नेलं होतं मी शहरात. काय उपयोग झाला?”

“केव्हा नेलंत?”

“शाळेत घालायच्या वेळी.”

मिसनं बॅटरी विझवली. अक्का दारात येऊन उभी होती.

“म्हणजे माझंही हेच होतं का, मिस?”

“असेलही. आता सांगता नाही येत, अक्का.”

“तेव्हा डोळे बघायला घरी कुणी येत नव्हतं?”

“यायचे, पण वजन करून जायचे नुसतं.”

अक्का कपड्याला हात पुसत म्हणाली, “अम्मा, मोठी पिशवी कुठंय? मी भरते. आणि मीही जाणार.”

सासूबाईंनी पिशवी काढून तिच्या हातात दिली.

बसमध्ये सेनुक सगळा वेळ अक्काच्या खांद्यावर झोपला. इस्पितळात आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. पट्ट्या निघाल्या आणि काही दिवसांनी त्याला चष्मा मिळाला, बटणाएवढ्या, जाड भिंगांचा, डोक्यामागं पट्टा असलेला. मी मुद्दाम तोंड मिटून समोर उभी राहिले. तो पंख्याकडे बघत होता. हळूहळू नजर खाली आली, माझ्या चेहऱ्यावर थबकली आणि पोरगं हसलं! मी अशी किंचाळले, की नर्स धावत आली.

घरी पोचलो तेव्हा निम्मं गाव अंगणात होतं. सासूबाईंनी नारळाच्या दुधातला भात शिजवून थापून ठेवला होता. माझा नवरा लसंत तर चष्मेवाल्या पोराला घेऊन घरोघर फिरून आला. कुमुदिनी मिस सायकल भिंतीला टेकवायचीही विसरली, सायकल तशीच धाडकन पडली.

गर्दी ओसरली तेव्हा मी सेनुकला ओसरीवर अक्काच्या मांडीत दिलं.

“अंगणातल्या झाडाकडे बघतोय का?” तिनं विचारलं.

“नाही. तुझ्याकडे.”

“माझ्याकडे?”

“टक लावून बघतोय, अक्का.”

अक्का सावरून बसली. कपाळावरचे पांढरे केस तिनं कानामागं सारले, तोंडावरून तळवा फिरवला.

“आधी सांगायचं नाही का गं,” ती पुटपुटली, “केस तरी विंचरले असते.” आणि मान ताठ करून तिनं आपला चेहरा त्याच्यासमोर धरला.