लावून दे

घटस्फोट इतका शहाण्यासारखा झाला की दोन्ही वकिलांना अपमान झाल्यासारखं वाटलं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी जुनं काही उकरून काढलं नाही. वाटणीत बायकोला पडदे गेले आणि नवऱ्याला खिडक्या राहिल्या. स्टुडिओ नवऱ्याच्या घराच्या मागच्या खोलीत होता, तो तिथेच राहिला. दिवे, स्टँड, काळं कापड, मोठा कॅमेरा आणि ज्यांचा उपयोग कुणालाच माहीत नाही अशा वायरींचं एक खोकंही त्याच्याकडे आलं.

काही आठवड्यांनी एका दुपारी बायको, म्हणजे माजी बायको, दारात उभी राहिली. ‘माजी’ हा शब्द आमदारांना शोभतो असं त्याचं मत होतं, पण त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. तिच्या हातात खोकं होतं, आणि खोक्यात कॅमेरा. अगदी त्यांच्या स्टुडिओतल्यासारखाच, त्याच कंपनीचा, तेच मॉडेल. फक्त कोरा.

दोघांचा धंदा वस्तूंचे फोटो काढायचा. जुनी भांडी, मूर्ती, गंजलेल्या तलवारी, वस्तुसंग्रहालयांच्या जाडजूड पुस्तकांसाठी. माणसांचे का काढत नाही, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, माणसं हलतात. आता तिला लांबच्या एका शहरातल्या वस्तुसंग्रहालयात कायमची नोकरी मिळाली होती. कॅमेरा त्यांनीच दिला होता, आणि संध्याकाळच्या गाडीने ती निघणार होती.

“तेवढा कॅमेरा लावून दे,” ती म्हणाली आणि सरळ आत त्याच्या आईला भेटायला गेली.

आईने घटस्फोट अजून मान्य केलेला नव्हता. ते कोर्टाचं तुमचं तुम्ही बघा, मला त्यात ओढू नका, असं तिने दोघांनाही बजावलं होतं. आतून ‘सूनबाई, किती वाळलीस’ पासून सुरुवात झाल्याचं त्याला ऐकू आलं. म्हणजे निदान तासाभराची निश्चिंती होती.

तो खुर्ची ओढून बसला. लावून दे, ती म्हणाली होती. बारशापासून आत्तापर्यंत त्याच्या छातीत इतकं हललं नव्हतं. जगात कॅमेरा लावून देणारी माणसं रग्गड आहेत, दुकानात तर फुकट लावून देतात. पण ती एवढ्या लांब त्याच्याकडे आली होती, कारण तिचा हात फक्त त्याला माहीत होता.

मेनू हा त्याचा प्रांत. लोक जेवल्यावर शतपावली करतात, हा मेनूत एक फेरी मारून येई. मेव्हण्याने त्याचं नाव मेनूकार्ड ठेवलं होतं आणि लग्नाच्या पंगतीपासून तेच चाललं होतं. या कॅमेऱ्याला हवी तशी कामं नेमून देता येतात: कुठल्या बटणाने काय व्हावं, कुठली चकती कुठल्या दिशेला फिरवली की उजेड वाढावा, किती आवाज करावा, किती गप्प बसावं. थोडक्यात, माणसाकडून जे करून घेता येत नाही ते सगळं. बायको त्या मेनूत कधी शिरली नव्हती. बटणांची कंपनीने दिलेली नावंही दोघांनी टाकून दिली होती. अंगठ्याखालचं ते ‘खाज’, त्याने फोकस लागायचा. चित्र मोठं करून बघायचं त्याला ‘नाक खुपसणं’ म्हणत. आणि पुढचं, मधल्या बोटाखालचं, ते ‘दम’.

दम हा त्याचाच शोध. या कॅमेऱ्यात फोटो इतका बारकाईने येतो की बटण दाबणाऱ्या बोटाचा धक्काही त्यात दिसतो. तिचे फोटो सुरुवातीला किंचित हललेले यायचे. मग त्याने पुढच्या बटणावर दम बसवला. दाबलं की कॅमेरा दोन सेकंद श्वास रोखून धरी, सगळं थरथरणं शांत झालं की मगच फोटो घेई. तेव्हापासून फोटो लख्ख. आपल्या संसाराला आपण काय दिलं, असं त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने दम दिला असं सांगितलं असतं, आणि ऐकणाऱ्याचा गैरसमज झाला असता.

जुन्या कॅमेऱ्यातली सगळी मांडणी एका कार्डावर उतरवून नव्यात चढवता येते. चहाला उकळी फुटेपर्यंत काम होतं. ही गोष्ट त्याला माहीत होती आणि त्याने ती मनातल्या एका कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून उभी केली. तो एकेक बटण हाताने लावत बसला. मागची चकती उजवीकडे फिरवली की अंधार. आवाज बंद. खाज अंगठ्याखाली, नाक खुपसायला वरची कळ. प्रत्येक पायरीला तो मनातल्या मनात तिचा हात त्या कॅमेऱ्याभोवती बसवून बघत होता. शटर मात्र त्याने एकदाही दाबलं नाही. नव्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो ज्याचा त्याने काढावा, एवढी रीत त्याला कळत होती.

दमापाशी आला आणि थांबला.

सगळं नीट लावून दिलं की ती जाणार. तिचं काही अडणार नाही, आणि ज्याचं काही अडत नाही ते माणूस फोन कशाला करेल? आतापर्यंत त्याने हा विचारच केला नव्हता; तो एवढा वेळ आपल्या हाताने, स्क्रू पिळून पिळून, दार बंद करत होता. त्याने दोन सेकंदांच्या जागी वीस टाकले. मग डोळे मिटून बघितलं. लांबच्या शहरात, एका हॉलमध्ये, नाक तुटलेल्या मूर्तीसमोर ती उभी आहे. बटण दाबलंय. कॅमेरा दम धरून बसलाय. ती वाट बघतेय, हॉलचा पहारेकरीही वाट बघतोय, मूर्तीला मुळात सवय आहे. मग ती पर्समधून फोन काढते. अरे, हा दम सुटतच नाहीये, काय करू? आणि तो शांतपणे म्हणतो, घाबरू नकोस, पान दुसरं उघड.

हे त्याने तीनचारदा बघितलं. दर वेळी फोनवरचं बोलणं थोडं लांबत गेलं. शेवटच्या वेळी ती रडली आणि परत आली, पहारेकऱ्यानेही डोळे पुसले.

पण मग त्याला तिचा चेहरा दिसला, नव्या नोकरीत, नव्या लोकांसमोर, पहिल्याच दिवशी कॅमेरा चालत नाही म्हणून ओशाळलेला. त्याने वीस खोडून दोन केले. आयुष्यात इतकं मोठं काम त्याने केलं नव्हतं आणि ते बघायला खोलीत कुणी नव्हतं.

ती आली तेव्हा तिच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्यात आईने दिलेली, कोर्टाला न जुमानणारी पिशवी. त्याने कॅमेरा पुढे केला.

“घे. सगळं तुझं. जसंच्या तसं.”

तिने पिशवी खाली ठेवून कॅमेरा हातात घेतला, बटणं चाचपली, आणि तिच्या कपाळावर आठी आली. “हे काय केलंस? मी लावून दे म्हटलं, म्हणजे कॉम्प्युटरला लाव. नवीन सॉफ्टवेअर चढवायचंय. वायर तुझ्या वाटणीत आलीये ना.”

वायर खोक्यात सगळ्यात वर होती. ती त्याच्याकडे बघत होती.

तो म्हणाला की असू दे, ते आत्ता करू, पण बाकी तुझं सगळं बसवलंय, एकदा हाताला लागतंय का बघ. तिने समजूतदारपणे मागची चकती फिरवली. फिरवली आणि थांबली.

“हे उलटं आहे.”

“तुझं असंच असतं.”

“माझं नाही रे,” ती म्हणाली. “हे तुझं आहे.”

हे ती रागाने म्हणाली नाही. छत्री बदलली गेलीय हे सांगावं तसं म्हणाली, आणि त्याच सुरात पुढचंही सांगत गेली. तिला उजवीकडे उजेड लागतो. पहिल्याच आठवड्यात तिने ते सांगितलं होतं, तेव्हा तो सवय होईल म्हणाला होता. खाजेपर्यंत तिचा अंगठा पोचत नाही, ती हात मुरगळून दाबते. आवाज तिला हवा असतो. फोटो निघाला की नाही हे माणसाला कळायला नको?

“पण झाली ना सवय?” त्याने विचारलं. वाद जिंकायला नाही, खरंच माहिती हवी होती म्हणून.

“झाली ना. मग एकदा बघायला निघाले, सवय सोडून घरात आणखी काय आहे. तर तू मेनूत होतास.”

शेवटचा आधार म्हणून त्याने दम काढला. निदान दम तरी तिचा होता, तिचा हात हलायचा म्हणून तर त्याने तो बसवला होता.

“माझा हात कधीच हलला नाही,” ती म्हणाली. “तू शेजारी उभा राहून पाय हलवायचास. खाली फळ्यांची जमीन आहे. स्टँड हलायचा.”

त्याने खाली बघितलं. पाय हलत होता.

तिने चहा बाजूला ठेवला आणि मेनू उघडला. तिची बोटं त्यात अशी फिरली की जणू तिचं माहेर ते. तो विचारणार होता हे कधी शिकलीस, पण उत्तर समोरच होतं. इतकी वर्षं ती शेजारीच बसायची. सगळी मांडणी पुसायची का, असं कॅमेऱ्याने विचारलं. वकिलांनीही इतक्या अदबीने विचारलं नव्हतं. तिने ‘हो’ दाबलं. त्याची अख्खी दुपार पापणी लवायच्या आत गेली.

मग तिने वायर लावली, सॉफ्टवेअर चढवलं, आणि आपली बटणं आपण बसवली. तो बघत राहिला. प्रत्येक बटण त्याला अनोळखी होतं. हा कॅमेरा आता आपल्याला उचलताही येणार नाही, हे त्याला कळलं. आणि ज्या हाताचा आपण इतकी वर्षं जाणकार होतो तो हात आपण आज पहिल्यांदा बघतोय, हेही. दमाच्या जागी तिने काहीच ठेवलं नाही. बटण रिकामं.

“उभा राहा तिथे. बघू.”

तो खिडकीपाशी उभा राहिला. पाय घट्ट रोवले. तिने कॅमेरा स्टँडवर न लावता हातातच धरला. खट्ट असा स्वच्छ आवाज झाला. मग तिने फोटोत नाक खुपसलं, त्याच्या डोळ्यापर्यंत गेली, पापण्यांचे केस सुटे सुटे दिसेपर्यंत. काही हललं नव्हतं.

“भुवईत पांढरा केस आलाय तुझ्या,” ती म्हणाली.

चाचणीचा फोटो ठेवायचा नाही, हा स्टुडिओचा नियम. तोही त्यानेच केलेला. तिने सवयीने कार्ड पुसलं. पडदा कोरा झाला, फक्त कोपऱ्यात पुढच्या फोटोचा नंबर उरला: दोन.

“अरे, हा नंबर परत एक व्हायला हवा. संग्रहालयाच्या नोंदी एकपासून सुरू होतात.” तिने मेनू वरखाली केला, दुसऱ्या पानावर गेली, परत आली. एवढं एक तिला सापडेना. शेवटी तिने कॅमेरा त्याच्याकडे वळवला. “हे कुठे असतं?”

तिसरं पान, खालून दुसरी ओळ. स्वतःचा पत्ता त्याला इतका पाठ नव्हता. त्याने पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

“मला नाही माहीत,” मेनूकार्ड म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. गाडीची वेळ होत आली होती, आणि आत आई कुणाला तरी फोनवर सांगत होती की सूनबाई आल्यात, कामात आहेत दोघं.

“असू दे मग,” ती म्हणाली आणि तिने कॅमेरा खोक्यात ठेवला.

लांबच्या त्या शहरात पहिला फुटका रांजण टेबलावर येईल, त्याच्या फोटोचा नंबर दोन पडेल, आणि एक कोण होतं ते तिथे कुणी विचारणार नाही.