आधी उसवायला शिका

माझी बायको राखी गेली त्या सत्रात मी प्रोग्रॅमिंग शिकवलं, पण कसं शिकवलं ते मला आठवत नाही. मुलांना आठवत होतं. सत्र संपल्यावर त्यांनी अभिप्रायात लिहिलं, "लेक्चरला सगळं कळतं, लॅबला काहीच येत नाही."

आमचे विभागप्रमुख बोरस्ते सर समजूतदार आहेत. आधी चहा मागवला, मग म्हणाले, "गांगुर्डे, पुढच्या वेळीही असंच आलं तर विषय दुसऱ्याकडे द्यावा लागेल. तुम्हालाही जरा आराम."

मला आराम नको होता. इंदिरानगरच्या घरात आराम भरपूर होता. हा विषय होता म्हणून मी सकाळी दाढी करून गंगापूर रोडला कॉलेजात येत होतो.

आमच्या लॅबची एक रीत पडून गेली आहे. मुलं सीनिअरच्या जर्नलमधला प्रोग्रॅम बघून टाइप करतात. तो चालतोच. आउटपुट जर्नलमध्ये उतरवतात, मी सही करतो. कुणाचं काही चुकत नाही, म्हणून कुणाला काही येत नाही.

सुट्टीत मी राखीचं कपाट आवरायला काढलं. ती पुढच्या खोलीत शिवणक्लास घ्यायची. कपाटात एक जुना ब्लाउज होता, डावी बाही उजवीकडे लावलेला. नवीन मुलगी आली की राखी तिच्या हातात तोच ब्लाउज आणि अर्धं ब्लेड द्यायची. "आधी उसवायला शिक. कुठं चुकलंय ते दिसलं की शिवणं येतं." मुली कुरकुरायच्या, पण शिकायच्या. मुलगी बाह्या नीट लावून गेली की राखी त्या पुन्हा चुकवून ठेवायची, पुढचीसाठी.

मी कपाट तसंच ठेवलं आणि लॅबचे प्रोग्रॅम बिघडवायला बसलो.

नवीन सत्रातल्या पहिल्या लॅबला सार्थकनं हात वर केला. "सर, तुम्ही दिलेला हा प्रोग्रॅम चालत नाही. टाइप करताना काहीतरी चुकलंय."

"टाइप करताना नाही. मी चुकवलाय. शोध."

"मग जर्नलमध्ये काय लिहायचं?"

"कुठं चुकलं होतं आणि कसं सापडलं, ते."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमचं काय कमी चुकतंय सर, म्हणून तुम्हीपण?" सगळे हसले. मीही हसलो.

निफाडची वैष्णवी स्क्रीनला नाक लावून बसली होती. वर्गाच्या मार्कांची बेरीज करणारा प्रोग्रॅम होता आणि बेरीज कमी येत होती. तास संपता संपता ती म्हणाली, "सापडलं. शेवटच्या पोराला हा घेतच नाय. सार्थक, तुझाच नंबर शेवटचा ना? कटला बघ तू."

मग माझ्याकडे वळली. "सर, ही आयडिया कुणाची?"

"माझ्या बायकोची. ती शिवणक्लास घ्यायची." मी त्यांना ब्लाउजचं सांगितलं.

"मॅडम लय भारी हाय," वैष्णवी म्हणाली.

"होतीच," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रोग्रॅम उघडला.

सत्र संपल्यावर बोरस्ते सरांनी बोलावलं. समोर अभिप्राय होते. ते वाचू लागले, "लॅब वाढवा. चुका अजून अवघड द्या. जर्नल वेळेत होत नाही, पण चालेल." मान वर करून म्हणाले, "गांगुर्डे, हे तुम्ही सांगून लिहून घेतलंत का?"

"नाही सर. ते भरत होते तेव्हा मी वर्गात नव्हतो."

"आणि हे काय? 'मॅडमची पद्धत बंद करू नका.' बऱ्याच जणांनी लिहिलंय. तुमच्या विषयाला मॅडम कुठं आहेत?"

"राखी," मी म्हणालो.

सर तिला ओळखत होते. त्यांच्या घरचे ब्लाउज तीच शिवायची. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग वेळापत्रक पुढं ओढलं आणि विषयासमोर माझं नाव लिहिलं.

"लॅबचा एक तास वाढवून देतो," ते म्हणाले. "आणि बाकीच्या सरांनाही शिकवा, कसं बिघडवायचं ते."

पुढच्या बॅचच्या पहिल्या लॅबला मी तो ब्लाउज पिशवीत घालून नेला आणि टेबलावर पसरला.

"ही डावी बाही आहे आणि ती उजवीकडे लागली आहे," मी मुलांना म्हणालो. "आधी उसवायला शिका."