चार बोटं उंच

"आणि पायरी?" लोर्नाने विचारलं.

टायरच्या दुकानात त्यांची गाडी जॅकवर उचललेली होती आणि ती दाराखाली उभी राहून वर बघत होती. गाडी कसली, घरच ते. आत पलंग, शेगडी, संडास, खिडक्यांना तिने स्वतः शिवलेले पडदे.

"पायरी वर जाणारच, मॅडम," टायरवाला म्हणाला. "एवढी मोठी चाकं बसवायची तर स्प्रिंगाही उंच कराव्या लागतात, नाहीतर वळताना टायर पत्र्याला घासतो. गाडी चार बोटं तरी उचलली जाईल. खाली अजून एक पायरी जोडून देऊ का?"

"काही नको," तिचा नवरा वेंडल म्हणाला. "खाली काहीतरी लोंबतं ठेवायचं आणि दगडाला आपटायचं. चार बोटांनी काय होतंय? ही अजून टुणटुण चढते."

लोर्ना हसली. ते कसलं हसू आहे हे बघायला वेंडलला सवड नव्हती. तो नव्या टायरच्या खोल खाचांवरून हात फिरवत होता.

वेंडल क्राउझने जन्मभर ओमाहा शहरात सिटीबस चालवली. निवृत्त झाल्यावर दोघांनी ही गाडी घेतली आणि दर हिवाळ्यात ती अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात नेऊ लागले. तिथे ठरलेली मंडळी जमायची. तांबड्या कड्याखालची जागा सगळ्यांत छान, पण तिथे जायचं तर कोरड्या ओढ्याच्या वाळूतून. गेल्या हिवाळ्यात वेंडलची गाडी त्या वाळूत रुतली. मंडळींतल्या क्लाइडने आपल्या ट्रकला दोर बांधून ती ओढून काढली आणि सगळ्यांनी फोटो काढले. तेव्हापासून गाडीचं नाव पडलं 'आजोबांचा डबा'. नाव क्लाइडनेच ठेवलं, आणि क्लाइड वेंडलपेक्षा फार तर दोन वर्षांनी लहान. वेंडल सगळ्यांबरोबर हसला आणि वर्षभर मनात कुढत राहिला.

या हिवाळ्यात तो त्याच वाळूतून सरळ वर गेला. गाडी कुठेही थांबली नाही. मंडळींनी चाकांभोवती कोंडाळं केलं, टायरना लाथा मारून पाहिल्या. "म्हाताऱ्याने दात नवे बसवले रे," क्लाइड म्हणाला, आणि वेंडलला स्वर्ग दोन बोटं उरला.

लोर्ना मात्र यंदा फारशी खाली उतरेना. कधी वारं असायचं, कधी विणकाम हातात असायचं. उतरलीच तर मग आपल्या घडीच्या खुर्चीत बसून राहायची. मका-रोटी आणि राजमा संपायचा, शेकोटी विझायची, लोक उठायचे. "तू हो पुढे," ती म्हणायची. "मी जरा डोंगर बघते." एवढा काय डोंगर बघायचा असतो, असं वेंडलला वाटे, पण तो विचारत नसे. पहिल्याच आठवड्यात तिने गावातून एक स्टूल आणायला सांगितलं होतं.

"दारात स्टूल ठेवलं की वृद्धाश्रमाची गाडी दिसते," तो म्हणाला होता. "दांडीला धरून जरा जोर लाव की. जमतं."

तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

एका दुपारी वेंडल, क्लाइड आणि समोरच्या गाडीतला एमेट सरपणाला गेले. क्लाइडच्या इंजिनवाल्या करवतीची साखळी तुटली म्हणून लगेच परतले. गाडीच्या खालच्या नव्या स्प्रिंगा दाखवायला वेंडल दोघांना घेऊन येत होता. क्लाइड मोठमोठ्याने काहीतरी सांगत होता. झुडपांना वळसा घालून ते पुढे आले आणि त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

लोर्ना दारात पालथी पडली होती. कोपरं आत फरशीवर, पोट उंबऱ्यावर, एक गुडघा कसाबसा पायरीवर. दुसरा पाय हवेत काहीतरी चाचपडत होता. त्या पायातला बूट खाली धुळीत पडला होता. "हं, आता. चल, बाई, आता," ती स्वतःलाच म्हणत होती.

क्लाइडने तोंड फिरवून डोंगराकडे पाहिलं. "उद्या वारं सुटणार बहुतेक," तो हळूच म्हणाला. एमेटने तर सरळ पाठच वळवली. पुढे होऊन हात द्यावा, तर आपण पाहिलं हे तिला कळणार. पण वेंडल नवरा होता. त्याने धावायला हवं होतं. तो धावला नाही. आपली बायको अशी दिसते आहे, मित्रांसमोर दिसते आहे, याचीच त्याला लाज वाटली, आणि तोही आपल्या चाकांकडे बघत उभा राहिला. ती सरपटत आत गेली तेव्हा कुठे त्याचे पाय हलले.

तो बूट घेऊन आत आला. ती पलंगावर बसून कोपर चोळत होती.

"बूट पडला होता तुझा."

"ठेव तिथे. कोण कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"क्लाइडचा आवाज मला अर्ध्या मैलावरून ऐकू येतो, वेंडल."

तो खाली बघत राहिला. "हाक का नाही मारलीस?"

"कुणाला?"

त्याने बूट खाली ठेवला. "रोज अशीच चढतेस?" त्याने विचारलं.

"तुम्ही सगळे पांगलात की. माणसं असली की बसून राहते."

"मला सांगायचंस ना."

"दुकानात विचारलं. मग स्टूल मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं असतं तर ती भीक झाली असती."

वेंडलला त्याची बस आठवली. थांब्यावर काठी टेकत कुणी म्हातारी दिसली की तो एक बटण दाबायचा, आणि बस सुस्कारा टाकून फुटपाथच्या बाजूला खाली वाकायची. त्यासाठी कुणावर विनंती करायची वेळ त्याने कधी येऊ दिली नव्हती. अनोळखी बायकांची अडचण दूरवरून ओळखणाऱ्या त्याला घरातलं माणूस दिसलं नव्हतं. मान वर करून तिच्याकडे बघण्याचा त्याला धीर होईना.

"उद्याच गावात जातो. जुनी चाकं बसवून आणतो," तो म्हणाला.

"चाकांनी माझं काय वाईट केलंय?" लोर्ना म्हणाली आणि विणकाम हातात घेतलं.

सकाळी त्याने दार उघडलं तर खाली स्टूल होतं. लाकडी, रुंद, पाय घसरू नये म्हणून वर रबर ठोकलेलं. त्याने ते ताबडतोब ओळखलं. एमेटची बायको तिच्या शेवटच्या हिवाळ्यात आजारी होती तेव्हा एमेटने तिच्यासाठी बनवलं होतं, आणि "राणीसाहेबांचं सिंहासन आलं का?" असं वेंडलनेच तेव्हा विचारलं होतं. ती बाई गेली, तरी एमेटने स्टूल टाकलं नव्हतं. समोर त्याच्या गाडीचे पडदे अजून बंद होते.

स्टूल उचलून आत लपवावं, आधी आपण गावातून दुसरं आणावं, असं वेंडलच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात मागे लोर्ना येऊन उभी राहिली. तिने स्टूल पाहिलं, समोरची गाडी पाहिली.

तो घाईने खाली उतरला आणि त्याने हात पुढे केला. लोर्नाने दाराची दांडी घट्ट धरली, एक पाय स्टुलावर ठेवला, मग दुसरा, आणि जमिनीवर उतरली. मग एमेटला कॉफी विचारायला ती समोर गेली. वेंडलचा हात अजून तसाच पुढे होता.